मारुती ८०० चा ऑइल पंप: तपासणी, बदलण्याचा क्रम आणि नेहमीच्या चुका

गरम इंजिनावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला की पंप गेला असे गृहीत धरून तो बदलला जातो, आणि थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो. अशा वेळी नव्या पंपाला दोष दिला जातो, पण बहुतेकदा खरे कारण जुना पंप काढण्याआधीच नजरेतून सुटलेले असते: दाब मोजलेला नसतो, पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती जाळी पाहिलेली नसते, किंवा झिजलेल्या बेअरिंगमधून ऑइल निसटत असते. याउलट निदान अगदी बरोबर असूनही पंप कोरडा बसवल्यामुळे चांगले इंजिन पहिल्याच मिनिटात खराब झालेले मी पाहिले आहे. म्हणून या लेखात निदानाला आणि पहिल्या स्टार्टला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

पुढील माहिती मारुती ८०० च्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या कार्ब्युरेटर इंजिनासाठी आहे. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या) गाडीत जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे. ऑम्नीतही हेच इंजिन आहे, परंतु ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे हात पोहोचण्याच्या जागा वेगळ्या असतात.

या इंजिनाचा पंप क्रँकशाफ्टच्या टायमिंग पट्ट्याकडच्या टोकावरच बसतो. त्याला वेगळा शाफ्ट किंवा गिअर नसतो, आतला रोटर क्रँकबरोबरच फिरतो. त्यामुळे पंपापर्यंत पोहोचायचे तर बाजूने टायमिंग पट्टा आणि क्रँकची पुली काढावी लागते, आणि खालून चेंबर (ऑइल साठणारे तळाचे भांडे) व जाळी काढावी लागते. पंप बदलणे म्हणजे प्रत्यक्षात टायमिंग पट्ट्याचे आणि चेंबरचे कामही त्याच दिवशी करणे, हे लक्षात घेऊनच वेळ आणि सामान ठरवावे.

टप्पा १: दोष पंपाचाच आहे का, याची खात्री

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने कराव्यात, कारण प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा जास्त कष्टाची आहे.

१. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर किमान पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पातळी पाहावी. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर वळणावर किंवा ब्रेक दाबताना जाळी उघडी पडते आणि दिवा लुकलुकतो. अशा वेळी आधी ऑइल पुरेसे भरून पाहावे आणि ते कुठे जाते याचा शोध घ्यावा.

२. डिपस्टिकवरचे ऑइल बोटांत चोळून त्याचा वास घ्यावा. कार्ब्युरेटर गाडीचा पेट्रोल पंप यांत्रिक असतो आणि तो हेडवर बसलेला असतो. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकते. पातळी आपोआप वाढलेली दिसणे, ऑइल पाण्यासारखे पातळ लागणे आणि पेट्रोलचा वास येणे या तिन्ही खुणा एकत्र आढळल्या तर आधी पेट्रोल पंप बदलावा, मग ऑइल व फिल्टर बदलावा आणि त्यानंतरच दाब मोजावा. ऑइल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. ते काम हेड गॅस्केटपासून सुरू होते, पंपापासून नाही.

३. ऑइल प्रेशर स्विचची एकच वायर असते. चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून, ती वायर स्विचवरून काढावी. दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर कुठेतरी बॉडीला घासून उघडी पडली आहे आणि इंजिनाचा काही दोष नाही. वायरचे टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावले की दिवा लागला पाहिजे.

४. वायर ठीक असेल तर स्विच काढून त्या जागी यांत्रिक प्रेशर गेज लावावा. या स्विचचे आटे १/८ इंचाचे निमुळते असतात, म्हणून गेजचा जोडही तसाच घ्यावा आणि त्यावर टेप गुंडाळावी. सरळ आट्यांचा जोड बळाने फिरवला तर ब्लॉकचे आटे जातात. इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत, म्हणजे रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत, चालवावे आणि मग वाचन घ्यावे. ३,००० आरपीएमला दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३ किलो किंवा त्याहून जास्त असावा. या गाडीत सहसा आरपीएम मीटर नसतो, म्हणून बाहेरून लावायचा टॅकोमीटर वापरावा, अंदाजाने ॲक्सिलरेटर दाबून निष्कर्ष काढू नये.

लाल दिव्याचा स्विच अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दाबाला चालतो. त्यामुळे दिवा विझलेला असणे म्हणजे दाब पुरेसा असणे नव्हे, फक्त तो अगदी शून्याजवळ नाही इतकेच त्यावरून कळते.

वाचनाचा अर्थ लावताना घाई करू नये. थंड इंजिनावर दाब चांगला असून गरम झाल्यावर आयडलला तो कोसळत असेल, आणि खालून जड ठोक्याचा आवाज येत असेल, तर मेन किंवा कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजलेली असण्याची शक्यता अधिक आहे. नवा पंप बसवल्यावर वाचन थोडे वर जाते, मालक समाधानी होतो आणि काही महिन्यांनी क्रँक खरादावर न्यावा लागतो. काटा थरथरत असेल, आणि ऑइलमध्ये बारीक फेस दिसत असेल, तर जाळीच्या जोडातून हवा ओढली जात आहे. थंड आणि गरम दोन्ही अवस्थांत, सर्व वेगांवर दाब सारखाच कमी असेल तर पंप झिजला आहे, त्याचा रिलीफ वाल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडा अडकला आहे किंवा जाळी तुंबली आहे.

*इशारा:* दाब कमी म्हणून जाड ऑइल घालून गाडी चालवणे हा उपाय नाही. त्याने गेजचा काटा वर जातो, पण सकाळच्या थंड स्टार्टला ऑइल हेडपर्यंत उशिरा पोहोचते आणि कॅमची झीज वाढते.

टप्पा २: सामान आणि जागेची तयारी

सर्व सामान हातात आल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. पंप, पंपाचे गॅस्केट, क्रँकचे पुढचे ऑइल सील, जाळीची ओ-रिंग, चेंबरचे गॅस्केट किंवा सिलिकॉन सीलंट, ड्रेन प्लगचा वायसर, ऑइल फिल्टर आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे ऑइल ही किमान यादी आहे. टायमिंग पट्टा निघणारच आहे, म्हणून तो जुना असेल तर नवा घ्यावा, आणि टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) हाताने फिरवल्यावर खरखरत असेल तर तोही. ऑइल सुमारे पावणेतीन लिटर लागते, पण चार लिटरचा कॅन घ्यावा, कारण थोडे पंप भरण्यासाठी आणि फिल्टर भिजवण्यासाठी लागते.

हत्यारांत गोटी पाने, टॉर्क पाना, फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या), सरळ धारेची पट्टी, प्लास्टिकचा स्क्रेपर आणि उचललेली गाडी पेलणाऱ्या दोन मजबूत घोड्या हव्यात. ऑइल काढण्यापूर्वी इंजिन कोमट करून घ्यावे, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी.

*इशारा:* नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. घोड्या लावल्यावर गाडी हाताने जोरात हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. विटा किंवा लाकडी ठोकळे रचून त्यावर गाडी ठेवू नये.

टप्पा ३: पट्ट्याकडची बाजू उघडणे

१. गाडी जमिनीवर असतानाच टॉप गिअर टाकून, मदतनिसाला ब्रेक घट्ट दाबायला सांगून, क्रँकचा मधला मोठा बोल्ट फक्त पाव फेरा सैल करावा. टायमिंग पट्टा जागेवर असताना हे केल्याने क्रँक थोडा हलला तरी कॅम त्याच्याबरोबर हलतो. पुढे पट्टा निघाल्यावर तो बोल्ट सोडवण्याची धडपड केली तर हा फायदा राहत नाही.

२. त्यानंतर गिअर न्यूट्रल करून, गाडी घोड्यांवर घेऊन अल्टरनेटरचा पट्टा, त्याची पट्टी आणि आड येणारे ब्रॅकेट काढावे. एसी असेल तर त्याचा पट्टा आणि ब्रॅकेटही. एसीच्या पाइपांना हात लावण्याची गरज नाही.

३. बाहेरची पुली आणि टायमिंग कव्हर काढावे. क्रँक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून कॅमच्या पुलीवरची खूण मागच्या कव्हरवरच्या खुणेशी जुळवावी, आणि त्याच वेळी क्रँकच्या टायमिंग पुलीवरची खूण पंपाच्या केसवरच्या बाणाशी जुळते का ते पाहावे. क्रँकची खूण जुळली पण कॅमची विरुद्ध बाजूला असेल तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो.

४. दोन्ही खुणांचे फोटो घेऊन टेन्शनर सैल करावा आणि पट्टा काढावा. यानंतर क्रँक किंवा कॅम वेगवेगळे फिरवू नयेत.

५. मधला बोल्ट पूर्ण काढून टायमिंग पुली, तिला क्रँकवर पक्की धरणारी छोटी चावी आणि पुलीमागची, पट्ट्याला जागेवर ठेवणारी पातळ चकती काढावी. चकतीची कोणती बाजू पंपाकडे होती याची खूण करून ठेवावी. ती उलटी बसली तर पट्ट्याची कड घासत राहते.

*तपासणी:* क्रँकच्या खुणेचा बाण पंपाच्या केसवर आहे, म्हणजे जुना पंप काढताच ती संदर्भखूण जाते. नव्या पंपावर तोच बाण त्याच जागी आहे का, हे दोन्ही पंप शेजारी ठेवून आताच पाहावे.

टप्पा ४: चेंबर आणि जाळी

ऑइल काढून चेंबरचे सर्व बोल्ट सोडवावेत. एक्झॉस्टचा पुढचा पाइप आड येत असेल तर तो खाली घ्यावा. चेंबर चिकटलेला असतो, तेव्हा पंपाच्या किंवा ब्लॉकच्या मशीन केलेल्या कडेत स्क्रू ड्रायव्हर घालून तो उचकटू नये. तिथे पडलेला ओरखडा पुढे कायम ऑइल गळवतो. रबरी हातोडीने कोपऱ्यांवर हलके ठोके देत चेंबर सैल करावा.

चेंबरच्या तळाशी काय साचले आहे हे नीट पाहावे, कारण इंजिनाचा खरा इतिहास तिथे असतो. काळा चिखल म्हणजे ऑइल वेळेवर बदललेले नाही, आणि त्याने जाळी तुंबली असणार. चमकदार तांबूस किंवा चंदेरी कण म्हणजे बेअरिंग झिजत आहे. अशा वेळी एक-दोन रॉड कॅप उघडून बेअरिंगचे शेल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सिलिकॉनचे दोरे किंवा गोळे दिसले तर आधी कोणीतरी सीलंट भरमसाट लावलेला आहे. एका इंजिनाची जाळी मी काढली तेव्हा तिचा अर्ध्याहून जास्त भाग अशाच दोऱ्यांनी झाकलेला होता. पंप पूर्ण चांगला होता, जाळी साफ करून नवी ओ-रिंग टाकल्यावर दाब पुस्तिकेतल्या मर्यादेत आला.

जाळी काढताना तिची जुनी ओ-रिंग खोबणीत चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. जुनीवर नवी ओ-रिंग बसवली जाते ही अतिशय सामान्य चूक आहे आणि तिथूनच हवा ओढली जाते. जाळी रॉकेलने धुवावी, हवेने उलट बाजूने फुंकावी आणि उजेडासमोर धरून पाहावी. चिखल निघत नसेल किंवा जाळी फाटली असेल तर नवी घ्यावी.

टप्पा ५: जुना पंप काढणे आणि मोजणे

पंपाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाची बाह्यरेषा काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड बोल्टाच्या जागी गेला तर तो तळाला टेकतो, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि केस मात्र सैलच राहते.

पंप उघडून आतील पृष्ठभाग पाहावा. बोटाच्या नखाला लागतील असे खोल चर असतील तर मोजण्याची गरजच नाही. तसे नसतील तर बाहेरचा रोटर आणि केस यांतील फट फीलर गेजने मोजावी, तिची मर्यादा ०.३१ मिलिमीटर आहे. मग रोटरांवर आडवी सरळ पट्टी ठेवून बाजूची फट मोजावी, तिची मर्यादा ०.१५ मिलिमीटर आहे. रिलीफ वाल्व्हचा प्लंजर काढून तो खोबणीत स्वतःच्या वजनाने सरकतो का ते पाहावे. त्यावर चर किंवा कचरा असेल तर तो अडकतो आणि दाब परत चेंबरमध्ये सोडतो.

फट मर्यादेत असेल, प्लंजर सरकत असेल आणि चर नसतील, तर पंप बदलू नये. तो साफ करून, नवे सील आणि गॅस्केट घालून परत बसवावा, आणि दोष जाळीत किंवा बेअरिंगमध्ये शोधावा.

टप्पा ६: नवा पंप बसवण्याआधी

नवा आहे म्हणून पंप डोळे झाकून बसवू नये. मागच्या प्लेटचे स्क्रू घट्ट आहेत का ते पाहावे, रोटर हाताने सहज फिरतो का आणि प्लंजर सरकतो का हे तपासावे, गंजरोधक लेप धुऊन काढावा. क्रँकचे नवे सील केसमध्ये सरळ, सारख्या दाबाने बसवावे आणि त्याच्या ओठाला ऑइल लावावे.

मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट: पंपाच्या आत येण्याच्या छिद्रातून स्वच्छ इंजिन ऑइल ओतावे आणि रोटर फिरवत राहावे, दुसऱ्या छिद्रातून ऑइल बाहेर येईपर्यंत. कोरडा पंप जाळीतून ऑइल वर ओढू शकत नाही, तो हवाच घुसळत राहतो. काम लांबणार असेल आणि ऑइल निथळून जाण्याची भीती असेल तर रोटरांच्या पोकळीत पेट्रोलियम जेली भरणे चालते, ती ऑइलमध्ये विरघळते. ग्रीस मात्र कधीही भरू नये, ते विरघळत नाही आणि बारीक मार्गांत अडकते.

टप्पा ७: पंप बसवणे

ब्लॉकवरचे जुने गॅस्केट पूर्ण खरवडून काढावे, पण ऑइलच्या मार्गात आधी चिंधी कोंबून. दोन्ही गाइड पिना जागेवर आहेत हे पाहून नवे गॅस्केट लावावे. क्रँकच्या टोकावरची तीक्ष्ण कड सीलचा ओठ कापते, म्हणून त्या टोकावर पातळ, गुळगुळीत प्लास्टिकचा तुकडा गुंडाळून त्यावरून पंप सरकवावा आणि मग तो तुकडा ओढून काढावा.

आतल्या रोटरचा आकार क्रँकच्या टोकाशी जुळला की पंप हाताने ब्लॉकला टेकतो. टेकत नसेल तर पंप काढून रोटर थोडा फिरवून पुन्हा बसवावा. उरलेली फट बोल्ट आवळून भरून काढण्याचा प्रयत्न केला की ॲल्युमिनियमची केस तडकते, किंवा रोटर आतल्या आत फुटतो.

बोल्ट आडव्या-तिरक्या क्रमाने, दोन फेऱ्यांत, साधारण एक किलोग्रॅम-मीटरला घट्ट करावेत. गॅस्केटची कड खालच्या बाजूला बाहेर डोकावत असेल तर ती धारदार ब्लेडने केस आणि ब्लॉक यांच्या पातळीत सपाट कापावी. ती तशीच ठेवली तर तिथे चेंबर नीट टेकत नाही, आणि या गाड्यांमध्ये पंप बदलल्यानंतर सुरू होणारी गळती बहुधा याच कोपऱ्यातून असते.

टप्पा ८: जाळी आणि चेंबर

नव्या ओ-रिंगला ऑइल लावून जाळी बसवावी, तिचा आधाराचा बोल्ट विसरू नये. चेंबरचा काठ सपाट पाटावर ठेवून पाहावा. बोल्टांच्या छिद्रांभोवती वर आलेला पत्रा हातोडीने परत बसवावा.

तयार गॅस्केट असेल तर तेच वापरावे, पंप व ब्लॉक यांच्या सांध्यावर तेवढा सीलंटचा ठिपका द्यावा. फक्त सीलंट वापरायचा असेल तर सलग ३ मिलिमीटर जाडीची रेघ, छिद्रांच्या आतल्या बाजूने. त्याहून जाड रेघ आत दाबली जाते, तिचे दोरे तुटून पडतात आणि पुन्हा जाळीत जातात. बोल्ट लहान आहेत आणि चेंबर पत्र्याचा आहे, म्हणून मधून बाहेरच्या दिशेने हलक्या हाताने आवळावेत.

टप्पा ९: टायमिंग पट्टा

चकती, चावी आणि पुली बसवून मधला बोल्ट पुस्तिकेतील टॉर्कला आवळावा. दोन्ही खुणा जुळवून, टेन्शनर सैल असताना पट्टा चढवावा, टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला पट्टा ताठ ठेवून. मग क्रँक हाताने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवावा, टेन्शनर घट्ट करावा आणि खुणा पुन्हा पाहाव्यात.

*तपासणी:* दोन फेऱ्यांनंतर एक दात जरी पुढे-मागे असेल तर पट्टा काढून पुन्हा बसवावा. फेरे फिरवताना क्रँक कुठे अडला तर जोर लावू नये.

टप्पा १०: दाब भरणे आणि पहिला स्टार्ट

सीलंटला त्याच्या नळीवर लिहिलेला वेळ सुकू द्यावा. फिल्टरमध्ये थोडे ऑइल ओतून त्याचा कागद भिजवावा, रबराला ऑइल लावून तो हाताने घट्ट करावा. ऑइल भरावे, गेज लावलेलाच ठेवावा आणि आता बॅटरी जोडावी.

१. तिन्ही स्पार्क प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हलके फिरते आणि बेअरिंगवर भार येत नाही.

२. कार्ब्युरेटर गाडीत इग्निशन कॉइलची लहान वायर काढून ठेवावी. हाय टेन्शन वायर नुसती मोकळी लोंबत ठेवू नये, त्याने कॉइल जाते आणि ठिणगी पेट्रोलच्या वाफेजवळ पडू शकते. एमपीएफआय गाडीत पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचा कनेक्टर काढावा.

३. दहा-दहा सेकंद स्टार्टर मारावा, मध्ये अर्धा मिनिट थांबावे. गेजचा काटा उचलला पाहिजे. पाच-सहा प्रयत्नांत तो उचलला नाही तर थांबावे. अशा वेळी इंजिन स्टार्ट करून पाहण्याचा मोह आवरावा, पंपात हवा आहे किंवा ओ-रिंग बसलेली नाही आणि चेंबर पुन्हा उतरवावा लागणार आहे.

४. काटा उचलल्यावर प्लग व वायर जोडून इंजिन सुरू करावे. दाब तीन-चार सेकंदांत दिसला नाही तर चावी लगेच बंद करावी. दिसला तर दोन मिनिटे आयडलला ठेवावे, रेस करू नये, आणि खालून गळती पाहावी.

५. पूर्ण गरम झाल्यावर आयडल आणि ३,००० आरपीएम अशी दोन वाचने घेऊन ती पहिल्या टप्प्यातल्या वाचनांशेजारी लिहून ठेवावीत. मग इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पुरी करावी. गेज काढून स्विच टेप लावून परत बसवावा.

नंतरची देखभाल

जाळी चिखलाने भरलेली मिळाली असेल तर पहिले ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरलाच बदलावे, कारण मार्गांत चिकटलेला चिखल नव्या ऑइलने सुटून खाली येतो. जुन्या, चिखल साचलेल्या इंजिनात फ्लशिंगचे द्रव घालू नये. सुटलेला चिखल एकदम जाळीत येतो आणि दाब पडतो. त्यानंतर मिनरल ऑइल ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा बदलावे. फक्त शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला सहा महिन्यांची अट जास्त महत्त्वाची आहे, कारण तिचे ऑइल पुरेसे गरमच होत नाही आणि त्यातले पाणी उडून जात नाही.

चेंबर खालून दगडावर किंवा गतिरोधकावर आपटला असेल तर तळाचा पत्रा आत दबून जाळीच्या जवळ जातो आणि वेग वाढला की ऑइल कमी पडते. असा पोचा दिसला की दिव्याची वाट न पाहता चेंबर काढून सरळ करावा. काढलेले जुने ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून अधिकृतपणे ते गोळा करणाऱ्याकडेच द्यावे, गटारात किंवा मोकळ्या जमिनीवर ओतू नये.